छातीतली चिप आणि भिंतीवरचं घड्याळ

मागच्या महिन्यात याच पानावर मी बोलता बोलता लिहून गेले होते की माझ्या छातीत कातडीखाली लूप रेकॉर्डर (हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवणारी छोटी चिप) बसवलेला आहे आणि त्याच्यासोबत माझं दुसरं वर्ष चाललंय. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी एरवी पथ्यपाण्यावर सहा महिन्यांत येत नाहीत. म्हणून आजचं सगळं पान याच विषयाला. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं ईसीजी टेक्निशियन होते. लोकांच्या छातीवर जेल लावून चकत्या चिकटवण्यात आणि कागदाच्या पट्ट्या फाडण्यात माझा जन्म गेला. जे सांगते ते त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. गोळी चालू-बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चौदा महिन्यांत तीन वेळा चक्कर येऊन पडले. पहिल्यांदा देवळाच्या पायरीवर, दुसऱ्यांदा पहाटे मोरीत, तिसऱ्यांदा विहिरीवर मोटर चालू करायला गेले तेव्हा. मिनिटभरात शुद्धीवर येतात आणि “काय झालं?” म्हणून आम्हालाच विचारतात. ईसीजी, टू-डी इको, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), डोक्याचा स्कॅन, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी छातीत चिप बसवली. त्याला चार महिने झाले, अजून काही सापडलेलं नाही. आमचे मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात गेले. सासूबाई आबांना मोबाईल घेऊ देत नाहीत, मोटरच्या पेटीजवळ फिरकू देत नाहीत. म्हणतात, मशीनला शॉक बसेल. आणि आबा म्हणतात, आता मला मशीन आहे, काही झालं तर ते सांभाळेल. त्यांना बटणाचं छोटं रिमोट दिलंय, ते देव्हाऱ्यात ठेवलंय. खरं कुणाचं?
— एक सून, कराड तालुका

उत्तर : तिघांचंही थोडं थोडं चुकतंय. त्यातलं आबांचं चुकणं सगळ्यात महागात पडेल, म्हणून आधी ते.

आबांच्या छातीत आहे तो पेसमेकर नाही. पेसमेकरची तार हृदयापर्यंत गेलेली असते, ठोका चुकला की तो ठोका देतो. लूप रेकॉर्डरला तार नाही, तो हृदयाला टेकलेलासुद्धा नसतो. डाव्या बाजूला कातडीच्या आत, बरगड्यांच्या वर पडून असतो आणि तिथूनच हृदयातल्या विजेची नोंद घेतो. माझा आहे तो ४५ मिलिमीटर लांब, ७ रुंद, ४ जाड, वजन अडीच ग्रॅम. टीव्हीच्या रिमोटमध्ये बारीक सेल असतो ना, लांबीला तेवढाच, पण अंगाने त्याहून सडपातळ आणि चपटा. आबांचं हृदय दहा सेकंद थांबलं तर तो ते दहा सेकंद लिहून ठेवील. आबांना सावरायला हात पुढे करणार नाही. आणि रात्री तीन वाजता कुणी पडद्याकडे डोळे लावून बसलेलंही नसतं. आलेली नोंद कामाच्या वेळेत कुणीतरी उघडून बघतं, कधी दुसऱ्या दिवशी, कधी सोमवारी.

तेव्हा आबांना हे तुम्ही नाही, त्यांच्या मुलाने समोर बसून सांगावं. सासऱ्याला सुनेने सांगणं आणि लेकाने सांगणं यात आपल्याकडे अजून फरक पडतो. कारण सापडेपर्यंत ट्रॅक्टर नाही, मोटरसायकल नाही, माळ्यावर चढणं नाही, विहिरीवर एकट्याने जाणं तर नाहीच. मोरीची आणि संडासाची कडी आतून लावायची नाही. दाराला दोरी बांधा, रंगीत कापड अडकवा, आत कुणी आहे हे कळलं म्हणजे झालं. रात्री लघवीला उठले की आधी अंथरुणात दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं आणि लघवी बसून करायची. दुसऱ्यांदा ते पहाटे मोरीत पडले असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते. झोपेतून उठून उभ्याने लघवी करताना रक्तदाब खाली येऊन माणूस पडतो, हे मी कितीतरी केसपेपरवर वाचलेलं आहे. त्यांना बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर पुढच्या खेपेला पिशवीतली सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा आणि “उभं करून बीपी बघता का?” असं विचारा. पुष्कळदा बीपी फक्त बसवून बघितलेलं असतं.

आता सासूबाई. मोबाईल, टीव्ही, मिक्सर, मोटरचा स्टार्टर, कशानेही त्या चिपला शॉक बसत नाही. मोबाईल बंडीच्या डाव्या खिशात, बरोब्बर चिपवर ठेवू नये, वीतभर लांब ठेवावा. नाहीतर नोंदीत खरखर येऊ शकते. मोठ्या लोहचुंबकाजवळ किंवा वेल्डिंगच्या मशीनजवळ काम करायचं असेल तर आधी विचारून घ्यावं. बाकी काही नाही. पण सासूबाईंना विहिरीवरची भीती वाटते ती मला खोटी वाटत नाही. पेटीने आबांचं काही बिघडणार नाही. तिथे चक्कर आली तर विहीर दोन पावलांवर आहे. त्यांना सांगा, तुमचा जीव जिथे घाबरतो ती जागा बरोबर आहे. मोटर चालू करायला दुसरं कुणी जाऊ दे.

आणि तुमच्या मिस्टरांसाठी मी हिशेबच मांडते. चौदा महिने म्हणजे सव्वाचारशे दिवस. त्यातल्या तीन दिवशी आबा पडले. होल्टर एक दिवस लावला. त्या सव्वाचारशेतून नेमका तो एक दिवस हाती लागावा, ही अपेक्षाच फार मोठी. यात होल्टरचा दोष नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर नावाचे शास्त्रज्ञ होते, चालत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी घ्यायचा म्हणून त्यांनी पहिलं यंत्र केलं ते पाठीवर घ्यायचं, ८५ पौंडांचं, म्हणजे अडतीस किलोंच्या वर! तिथून तो हातात मावणाऱ्या डबीपर्यंत आला. पण डबी असो की दप्तर, छातीवर वायरी किती दिवस चिकटवून ठेवणार? कातडी सोलवटते. म्हणून नव्वदच्या दशकात कॅनडात जॉर्ज क्लाइन आणि अँड्र्यू क्रान या डॉक्टरांनी कातडीखालच्या रेकॉर्डरवर काम केलं, आणि तेही आबांसारख्याच, वारंवार बेशुद्ध पडून कारण न सापडणाऱ्या माणसांसाठी. याची बॅटरी मॉडेलप्रमाणे तीन-साडेचार वर्षं चालते. आबा साधारण पाच महिन्यांतून एकदा पडतात, तर चार महिन्यांत काही आलं नाही यात नवल ते काय. चिप तिचं काम करतेय, आबांना अजून चक्कर आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सापडलं की काय दिसतं तेही सांगते, कारण ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरातली भांडणं थांबतात. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यावरचे मोठे चौकोन पाच मिलिमीटरचे, म्हणजे एका सेकंदाला पाच चौकोन. ठोका आला की एक उभा टोकदार काटा, निरोगी माणसाचा दर चार-पाच चौकोनांनी एक. आमच्या विभागात एकदा एका शिक्षकांची अशी पट्टी आली होती. काटा, काटा, काटा... आणि पुढे नुसती आडवी रेघ. मी बोटाने चौकोन मोजत गेले. पंधरा चौकोन म्हणजे तीन सेकंद, तिथे मन दचकतं. तीस झाले. पस्तीस झाले. मग एक रुंद, वेडावाकडा काटा, आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा नेहमीचे. सात सेकंद. त्या सात सेकंदांत ते फळ्यासमोर पडले होते आणि वर्गातल्या मुलांनी “सर उपाशी असतील” म्हणून त्यांच्या तोंडात साखर घातली होती. पुढच्या आठवड्यात त्यांना पेसमेकर बसला.

उलटंही होतं, आणि ते लोकांना पटकन पटत नाही. आबा पडले, नोंद उघडली, आणि त्या मिनिटाला ठोके अगदी नीट चालले होते असं दिसलं, तर “बघा, काहीच नाही सापडलं” असं म्हणू नका. पडताना हृदयाचा ठेका ठीक होता, हे कळणं फार मोलाचं. मग डॉक्टर रक्तदाबाकडे, फिटकडे, गोळ्यांकडे वळू शकतात. आणि आबांना नको असलेला पेसमेकर बसत नाही.

आता ते रिमोट देव्हाऱ्यातून काढा. आबांनी ते बंडीच्या उजव्या खिशात ठेवावं, आणि घरात निदान दोघांना, त्यातला एक नातवंडांपैकी, बटण कसं दाबायचं ते दवाखान्यात नेऊन शिकवून आणा. आबा पडले तर पहिल्यांदा आबा, मग बटण. सपाट आडवं करा, पाय वर उचलून धरा, गळ्याजवळचं सैल करा. तोंडात पाणी, साखर काही घालायचं नाही. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर मुळीच नाही. उलटी आली तर कुशीवर वळवा. मिनिट-दीड मिनिटात शुद्धीवर आले नाहीत तर १०८ लावा. हाक मारून हलत नसतील आणि श्वासही नीट नसेल, तर एकाने लगेच १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची. बटणाची घाई नाही, कारण ते दाबल्यावर रेकॉर्डर मागची काही मिनिटं जपून ठेवतो, म्हणूनच त्याला लूप म्हणतात. आबा उठून बसल्यावर दाबलं तरी चालतं. मात्र तासाभराने आठवण झाली तर उपयोग नाही.

आणि वेळ लिहून ठेवा. त्यासाठी मी एक दोनशे पानी वही केली आहे. तारीख, वेळ, त्या वेळी काय करत होते, जेवण झालं होतं का, कोणती गोळी घेतली होती, एवढंच. वेळ मोबाईलवरची लिहायची, भिंतीवरच्या घड्याळातली नाही. आपल्याकडे निम्म्या घरांत भिंतीवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे असतं, एसटी चुकू नये म्हणून. माझ्याही आहे. पहिल्या महिन्यात मी त्यातली वेळ लिहिली, आणि तपासणीच्या दिवशी टेक्निशियन मुलगी बिचारी माझ्या सव्वासातच्या नोंदीसमोर डोकं धरून बसली होती. चिपवर सातला पाच कमी असताना जादा ठोक्यांची एक छोटी लड होती, सव्वासातला काहीच नव्हतं. घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. इतकी वर्षं मी पेशंटना वेळेवरून बोलले आणि स्वतःच्या घरातलं घड्याळ मिळवून घेतलं नव्हतं.

प्रश्न : तुम्ही चक्कर येऊन पडला होतात का? तुमच्या रेकॉर्डरने काय पकडलं, आणि ते झालं तेव्हा तुम्हाला छातीत काही जाणवलं का?
— निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर

उत्तर : नाही सर, मी पडले नव्हते. माझं कारण वेगळं. तीन वर्षांपूर्वी सकाळी बहिणीशी फोनवर बोलत होते. तिला म्हणायचं होतं “कोथिंबीर निवडतेय”. समोर जुडी दिसत होती, हातात काड्या होत्या, आणि शब्द येईना. तोंडातून भलतंच काहीतरी निघत होतं आणि ते भलतं आहे हे मला कळत होतं. बहीण ओरडली, “अगं, फोन ठेव, जावईबापूंना हाक मार.” ते शेजारच्याच खोलीत होते. पाऊण तासात मी रुग्णालयात होते. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला लहानसा स्ट्रोक निघाला. बोलणं आठवड्यात परत आलं. “कोथिंबीर” म्हणताना अजून क्षणभर थांबते.

मानेच्या रक्तवाहिन्या साफ, इको ठीक, होल्टर ठीक. मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ आली कुठून हे कुणाला सांगता येईना. अशा वेळी शंका असते एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे एएफची. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात, रक्त कोपऱ्यात साचून गाठ धरतं, आणि ती गाठ सुटून मेंदूकडे गेली की घात होतो. हे थरथरणं अधूनमधून होऊन आपोआप थांबत असेल तर चोवीस तासांत सापडत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टल एएफ नावाच्या अभ्यासात अशाच कारण न सापडलेल्या स्ट्रोकचे ४४१ पेशंट होते. अर्ध्यांना चिप बसवली, अर्ध्यांचा नेहमीसारखा पाठपुरावा केला. वर्षभरात चिपवाल्यांत शंभरामागे बारांमध्ये हे थरथरणं सापडलं, दुसऱ्यांत दोघांमध्ये. हे आकडे डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दाखवले आणि मी त्याच दिवशी हो म्हटलं.

बसवायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जागा बधिर केली, सेंटीमीटरभराहून कमी छेद, एक जोराचा दाब जाणवला, झालं. मला भूल देतील म्हणून मी उपाशी गेले होते, आणि दुपारी घरी येऊन आमटी-भात जेवले.

सात महिने या थरथरण्याची एकही नोंद नाही. मग एका गुरुवारी रुग्णालयातून फोन आला. मंगळवारी रात्री एक दहाला सुरू होऊन तीन पन्नासपर्यंत, दोन तास चाळीस मिनिटं, एएफ. मी वही उघडली. मंगळवारच्या पानावर मी लिहिलं होतं : “छान झोप लागली.”

तुमच्या प्रश्नाचं हेच उत्तर, सर. मला काहीही जाणवलं नाही. धडधड नाही, घाम नाही, स्वप्नसुद्धा नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या नाडीवर बोट ठेवलेली बाई मी, आणि माझंच हृदय शेजारी झोपल्यासारखं दोन तास चाळीस मिनिटं वेडंवाकडं चालत होतं. त्या फोननंतर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. भीतीने नाही. गाठ कुठून आली हे कळलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली आणि ती मी एकदाही चुकवलेली नाही. चिप अजून आत आहे. हे थरथरणं वाढतंय की कमी होतंय ते डॉक्टर तिच्यावरून बघतात.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली ती लिहिते, कारण ती तुमच्याही घरी होईल. रात्री नोंदी पाठवणारं एक यंत्र उशाशी ठेवतात. माझ्या यंत्राला मी दोन मीटरच्या आत झोपावं लागतं, तेव्हा ते चिपशी बोलतं आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून नोंदी पुढे पाठवतं. गेल्या उन्हाळ्यात नातू आला, त्याला चार्जरला प्लग हवा होता, त्याने माझं यंत्र काढलं. आणि मी उकाड्याने गच्चीवर झोपायला गेले. अठरा दिवस एकही नोंद गेली नाही आणि मला पत्ता नाही. चिपची स्वतःची स्मृती साधारण तासाभराच्या आलेखाची असते. ती भरली की नवं लिहिण्यासाठी जुनं पुसलं जातं. त्या अठरा दिवसांत काय पुसलं गेलं ते आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून त्या प्लगवर मी लाल चिकटपट्टी लावली आहे आणि गच्ची सोडली आहे. ज्यांची चिप थेट मोबाईलला जोडलेली असते त्यांनी ब्लूटूथ बंद करू नये आणि ते अॅप पुसू नये.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. वर्षातून चार-पाचदा अचानक छातीत इतकं धडधडतं की बोलता येत नाही, दहा मिनिटांत आपोआप थांबतं. पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. दीड महिन्यापूर्वी लूप रेकॉर्डर बसवला. घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. आई म्हणते, मुलाकडच्यांना सांगू नकोस, फार तर लग्नाआधी काढून टाकू. शिवाय तिथे पर्सचा पट्टा लागून दुखतं. काय करू?
— नाशिक

उत्तर : तुला अगं-तुगं करते, माझ्या भाचीएवढी आहेस.

पट्ट्याचं सोपं आहे, आधी ते घेते. पर्स उजव्या खांद्याला सरळ अडकव आणि पट्टा डाव्या छातीवरून जाणार नाही असं बघ. गाडीत सीटबेल्टखाली रुमालाची घडी ठेव, बेल्ट टाळू नकोस. दीड महिन्यात जागा दुखरी असणं चालतं. पण लाल झाली, गरम लागली, सुजून आली, पू दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखव. वर हळद लावून वाट बघायची नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या जखमेवर घासायच्या, तिने महिनाभर सर आखूड करून घेतला. उद्या तुझ्यावर ती वेळ आली तर लक्षात ठेव.

आता स्थळाचं. सांग. पहिल्या चहा-पोह्यांच्या बैठकीत दहा जणांसमोर नाही, पण तुम्ही दोघं एकटे बोलायला बसाल तेव्हा तू स्वतः सांग. चिप म्हणजे आजार नाही, आजार आहे की नाही ते बघण्याची तपासणी आहे, आणि ती सध्या चालू आहे. इतक्या साध्या शब्दांत सांगता येतं. तुझ्या वयात अशी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड पुष्कळदा एसव्हीटी निघते, म्हणजे हृदयात विजेला जायला एक जास्तीची वाट असते. ती वाट अॅब्लेशनने (आत बारीक नळी नेऊन तेवढी जागा निकामी करून) बंद करता येते आणि बहुतेकांची कटकट कायमची जाते. कधी काहीच वावगं निघत नाही, काळजीने किंवा अशक्तपणाने ठोके वाढलेले असतात. काहीही निघो, तो आलेख हातात असणं तुझ्याच भल्याचं. आणि तू म्हणतेस ते वर्षातून चार-पाचदा होतं, मग लग्नाची तारीख बघून चिप काढली तर जे पकडायला बसवली तेच निसटेल.

आईवर चिडू नकोस. तिची भीती मला माहीत आहे. आमच्या विभागात मुलीचा ईसीजी काढायला आणताना दार लावून घ्या म्हणणाऱ्या आया मी खूप पाहिल्यात. पण ज्या घरात तुला चक्कर आली तर बटण दाबायचं हे कुणाला माहीतच नाही, त्या घरात तू सुरक्षित नाहीस. ज्याला हे ऐकून उठून जावंसं वाटेल तो जाऊ दे. मी हे मनापासून लिहितेय.

विमानतळ आणि एमआरआय यांबद्दल पाच जणांनी विचारलंय, त्यांना एकत्रच सांगते. विमानतळावर चौकटीतून सरळ चालत जा, मध्येच रेंगाळू नका. हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका, चिपचं ओळखपत्र दाखवा. एमआरआय सध्याच्या बहुतेक चिप्सवर ठरलेल्या अटींत करता येतो, पण आधी ते ओळखपत्र दाखवायचं आणि जुन्या नोंदी उतरवून घ्यायच्या, कारण चुंबकाच्या गोंधळात त्या पुसल्या किंवा बिघडल्या जाऊ शकतात. सोनोग्राफी, एक्सरे बिनधास्त.

प्रश्न : माझे वय ८१. चिप बसवून एक वर्ष झाले. घरात कुणापुढे हे विचारता येत नाही म्हणून तुम्हाला पोस्टकार्ड टाकतो. माझ्यामागे त्या वस्तूचे काय करायचे? दहनात ती तशीच जाते का?
— चिपळूण

उत्तर : काका, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. हा प्रश्न आमच्या विभागात लोक कधी उघडपणे विचारत नसत, आणि नंतर घरच्यांची धावपळ व्हायची.

तशीच जाऊ द्यायची नाही. आत लिथियमची बॅटरी असते आणि आगीत बॅटरी फुटते, म्हणून पेसमेकरसारखीच हीसुद्धा दहनाआधी काढून घ्यायची असते. काम मोठं नाही. जसा लहान छेद देऊन ती बसवली तसाच लहान छेद देऊन ती निघते. रुग्णालयात काही झालं तर तिथल्या डॉक्टरांना सांगितलं की ते काढतात. घरी झालं, तर दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे ते तयारीने येतील किंवा कुठे न्यायचं ते सांगतील. पुरायचं असेल तर याची अडचण नाही. आणि तोवर बॅटरी संपली तर डॉक्टरांशी बोलून जिवंतपणीच काढून घेता येते. काही जण तशीच आत ठेवतात, तिचा त्रास नसतो. पण तेव्हाही घरच्यांना ती आत आहे हे माहीत हवं.

घरात तोंडाने बोलणं जड जात असेल तर बोलू नका, लिहा. मी काय केलंय ते सांगते. एका लांब लिफाफ्यात चिपच्या ओळखपत्राची झेरॉक्स, डॉक्टरांचा नंबर आणि माझ्या हाताने लिहिलेल्या तीन ओळी : “डाव्या छातीत लूप रेकॉर्डर आहे. दहनाआधी काढून घ्यावा. उशाशी असलेलं यंत्र रुग्णालयाला परत करावं.” खाली सही आणि तारीख. लिफाफा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, जिथे माझ्या साड्या आहेत आणि मुलीचा हात पहिल्यांदा जाईल. तिला फक्त एवढंच सांगितलंय, की तिथे एक लिफाफा आहे. ती “बरं” म्हणाली आणि चहा टाकायला उठली. काका, तुमच्या घरात असा ज्याचा हात पहिल्यांदा जाईल असा एक कप्पा असेलच. पुढच्या पोस्टकार्डात मला कळवा, लिफाफा ठेवलात का ते.